जायला आठ तास, यायला तीन

“दोरा दे गं वैजू, चांगला लांब दे,” यशवंतमामा म्हणाला. माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका त्यानं बाजूला सारल्या आणि शाळेतून आणलेलं नकाशांचं भलंमोठं पुस्तक मांडीवर उघडलं.

मामा पेणच्या शाळेत भूगोल शिकवायचा. साध्या बोलण्यातही तो फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायचा. दोऱ्याचं एक टोक त्यानं मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं सिंगापूरपर्यंत ताणलं आणि मग तो दोरा पट्टीवर धरला.

“तीन हजार नऊशे किलोमीटर. विमान ताशी सातशेनं धर. साडेपाच तास झाले. मुकुंदा रविवारी सकाळी आठला निघणार म्हणजे मुंबईत दीड. सामान घ्या, तपासणी करा, अडीच. तिथून पेणला यायला अडीच तास. पाच वाजले. आणि आपला मुहूर्त किती वाजताचा? तीन बेचाळीस!” मामानं पुस्तक धाडकन मिटलं. “गेला वैजू. तुझा कानपिळ्या गेला.”

मुकुंदा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, असा त्याचा अर्थ. सगळे हसतात, नवरा भावाला काहीतरी भेट देतो आणि विधी पुढे सरकतो. दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांसाठी मी काय काय उद्योग करून ठेवले होते ते माझं मलाच ठाऊक.

“चुलतभाऊ आहे ना तुझा, रमाकांत. तो पिळेल,” मामा म्हणाला.

“रमाकांतनं माझ्या नवऱ्याच्या कानाला हात लावला तर मी रमाकांतचाच कान उपटीन,” मी म्हटलं. “दादा आल्याशिवाय मी हार वर उचलणार नाही. लिहून घे.”

“अगं, काय बोलतेस!”

तेवढ्यात ओसरीवरून बाबांचा आवाज आला. ते खाली बसून आमंत्रणाच्या अक्षतांना कुंकू लावत होते. मान वर न करता म्हणाले, “तीन तास लागतात.”

“कशाला, दाजी?”

“सिंगापूरहून यायला. आठला सुटतं, अकराला पोचतं.”

मामा हसला. “दाजी, तीन तासांत तुमची एसटी महाबळेश्वर गाठत नाही.”

“जायला आठ लागतात, यायला तीन. कागदावर आहे.”

“रस्ता तोच, गाडी तीच, मग असं कसं असेल?”

बाबांनी जरा विचार केला. “घाट असेल,” ते म्हणाले. “चढताना वेळ लागतो. उतरताना नाही लागत.”

घरभर हशा पिकला. मीसुद्धा हसले, हे आज आठवलं की लाज वाटते. बाबा मात्र हसले नाहीत. अक्षतांचं ताट घेऊन ते मागल्या दारी गेले.

बाबा पेणच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. चौतीस वर्षं त्यांनी खिडकीत बसून गाड्या सोडल्या आणि गाड्या उतरवून घेतल्या. सुटायची वेळ, पोचायची वेळ, दोन्हींची वजाबाकी केली की प्रवासाचा वेळ मिळतो, हे त्यांचं शास्त्र. त्यात कधी पाच मिनिटांची चूक झाली नाही. डेपोत त्यांना मोकल कंट्रोलर म्हणत, आणि स्टँडवरचं घड्याळ बंद पडलं तर लोक बाबांना वेळ विचारत.

दादानंही एसटीत लागावं अशी त्यांची फार इच्छा. खटपट करून त्यांनी मुलाखतीचं पत्र मिळवलं होतं. दादा वेल्डिंग शिकलेला, त्याला सिंगापूरच्या गोदीत काम मिळत होतं. मुलाखतीच्याच दिवशी तो विमानात बसला. निघताना उंबऱ्यात बाबा म्हणाले, “जातोयस तर जा. पण या घरातून तुला कुणी ‘ये’ म्हणणार नाही.” दादा म्हणाला, “तुम्ही ‘ये’ म्हणाल तेव्हाच येईन.” दोघं बापलेक एकाच मातीचे. पाच वर्षं झाली. बाबा ‘ये’ म्हणाले नाहीत आणि दादा आला नाही.

दादानं जाताना येण्याजाण्याच्या तिकिटाची एक प्रत आईजवळ ठेवली होती. वर्षाच्या आत कुठल्याही रविवारी परत यायची मुभा होती त्या तिकिटात. मुंबई दहाला सोडली की सिंगापूर संध्याकाळी सहाला. सिंगापूर आठला सोडलं की मुंबई अकराला. बाबांनी ती प्रत एकदाच पाहिली असेल, पण दर दिवाळीला त्यातलं गणित बाहेर यायचं. “कोल्हापूरची माणसं रात्रभर उभ्यानं येतात गणपतीला. याची तीन तासांची वाट. यायचं असतं तर आला असता.” असं म्हणून ते करंजी अर्धीच टाकून उठायचे. आम्हाला वाटायचं, रागावलेत.

आणि आता माझा उद्योग सांगते. लग्न ठरल्यावर मी दादाला पत्र लिहिलं. त्यात सरळ लिहून टाकलं, ‘बाबांनी तुला बोलावलंय. ये म्हणालेत.’ बाबा असं काही म्हणाले नव्हते. बाबांना माझ्या पत्राचा पत्ताही नव्हता. शुक्रवारी शेजारच्या गुरवकाकूंकडे दादाचा फोन आला. लाइनमध्ये नुसती खरखर.

“वैजू, बाबा खरंच ये म्हणाले?”

“हो रे बाबा, हो.”

“शपथ?”

“तुझी शपथ.”

“रविवारी सकाळी आठच्या विमानानं नि...” आणि लाइन तुटली. एवढ्यावरच मामाचा दोरा आणि पट्टी बाहेर आली होती.

रविवारी, लग्नाच्या दिवशी, सकाळी मी न्हाऊन आले तर घरात कुजबुज चाललेली. बाबा कुठे दिसेनात. आई चुलीपुढून म्हणाली, “सहाच्या गाडीनं गेलेत.”

“कुठे?”

“मुंबईला. विमानतळावर.”

मामानं कपाळावर हात मारला. “अगं ताई, वराकडचे लोक दहाला येणार! मुलीचा बाप नाही म्हटल्यावर काय सांगू त्यांना? आणि दीडला उतरणाऱ्या पोराला घेऊन पाचला येतील हे. कन्यादान कोण करणार, मी?”

“तीन बेचाळीसच्या आत येतो म्हणालेत,” आई म्हणाली. “चौतीस वर्षांत त्यांनी मला चुकीची वेळ सांगितली नाही.”

सगळे वेळेची काळजी करत होते आणि मला निराळीच भीती होती. बाबा विमानतळावर जाणार. दादा बाहेर येणार आणि म्हणणार, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. बाबा खोटं बोलत नाहीत. ते म्हणणार, मी कुठे बोलावलं? आणि दादाला मी ओळखते. तो तिथूनच मागे फिरला असता. मग पुन्हा पाच वर्षं नाही, कायमचंच झालं असतं. आणि ते माझ्यामुळे. त्यात मी शपथही त्याचीच घेतलेली!

कार्यालयात मला नेसवत असताना मी आईला सगळं सांगून टाकलं. नाकातोंडातून पाणी, डोळ्यांतलं काजळ गालावर. आई रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या निऱ्या पुऱ्या केल्या, पदर खोचला, आणि मग तिच्या पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याची वही काढली.

“ही त्यांच्या पेटीतली. त्यांना कळलं तर मला घराबाहेर काढतील. वाच, आणि मग काय रडायचंय ते रड.”

डेपोतल्या नोंदवहीसारखीच बाबांनी ती घरी आखली होती. मोत्यासारखं अक्षर. पहिल्या रकान्यात तारीख, सगळे रविवार. मग गाडी: सिंगापूर–मुंबई. मग पोचण्याची वेळ: ११.००. आणि शेवटी शेरा. शेऱ्यात एकच गोष्ट लिहिलेली: आला नाही. पान उलटलं, आला नाही. पुन्हा उलटलं, आला नाही. गणपतीच्या दिवसांतल्या दोन रविवारांखाली जरा जास्त लिहिलं होतं: ‘आला नाही. पुढच्या खेपेला पाहू.’ एके ठिकाणी, आईच्या ऑपरेशनच्या वेळचं असावं, ‘कळवलं नाही त्याला. आला असता.’

तेव्हा मला कळलं, दर रविवारी अकरा वाजता बाबा अंगणात उभे राहून आभाळाकडे काय बघत असतात ते. आम्ही म्हणायचो, पाऊस बघतात.

शेवटच्या ओळीवर आजची तारीख होती. गाडी लिहिली होती, वेळ लिहिली होती. शेऱ्याची जागा कोरी होती.

“आई, ते ‘बोलावलं नाही’ म्हणाले तर गं?”

“मला नाही माहीत,” आई म्हणाली. “डोळे पूस. काजळ मी पुन्हा घालते.”

तीन वाजले. वऱ्हाडी जेवून सुस्तावलेले. माझ्या सासऱ्यांनी दोनदा मामाला कोपऱ्यात घेऊन विचारलं आणि मामानं दोनदा मान खाली घातली. सव्वातीनला गुरुजींनी अंतरपाट उलगडला. माझे होणारे यजमान, सदानंद, पलीकडे उभे. मामा माझ्या पाठीशी येऊन हळूच म्हणाला, “वैजू, आता हट्ट नको. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.”

“बाबांसाठी थांबेल,” मी म्हटलं, पण माझाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता. साडेतीन वाजले. गुरुजींनी मंगलाष्टकांची वही काढली. अंतरपाटाच्या पलीकडून सदानंद अगदी बारीक आवाजात म्हणाले, “अहो, रडू नका. मी माझा कान कुणालाही देणार नाही.” लग्नाआधी ते माझ्याशी बोललेलं हे बहुधा तिसरं वाक्य. मला रडताना हसू आलं.

आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एसटीचा. एकदा नाही, लागोपाठ पाच-सहा वेळा. आमचं कार्यालय मुख्य रस्त्यापासून आत, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत. तिथे एसटी यायचं काही कारणच नव्हतं. पण दारातले लोक ओरडायला लागले, “एसटी आली! एसटी आत आली!” कुर्ला–अलिबाग गाडी, स्टँड सोडून, लालभडक, अख्खी गल्ली अडवून कार्यालयाच्या दारात उभी. खिडकी-खिडकीतून उतारूंची डोकी. ड्रायव्हर बाबांच्या हाताखाली वाढलेला, तो स्टिअरिंगवरूनच ओरडला, “मोकलसाहेब, तीन छत्तीस! पनवेलला अडकलो, नाहीतर तीनलाच आणलं असतं!”

आधी दादा उतरला. केवढा वाळला होता! केस मागे गेलेले, अंगात कोट, मे महिन्यात. त्याच्या मागून बाबा उतरले, आणि दादाची भलीमोठी बॅग बाबांच्या खांद्यावर होती. दादा ती मागत होता आणि बाबा देत नव्हते.

मी बॅगेकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, देवा, मिटलं!

मग काय, लग्न लागलं. बाबांनी पाय धुवून, धापा टाकत कन्यादान केलं. दादानं सदानंदांचा कान असा काही पिळला की ते खरोखरच “आई गं” म्हणाले, आणि अंगणात थांबलेल्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या. हो, एसटी अजून उभीच होती. उतारूंना लाडू दिल्याशिवाय आईनं गाडी सोडू दिली नाही.

जेवताना मामा पुन्हा नकाशावर आला. “पण मुकुंदा, तीन हजार नऊशे किलोमीटर तीन तासांत कसे रे?”

“तीन कुठले मामा, साडेपाच तास लागले. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं ना. तिथे आठ वाजले तेव्हा इथे साडेपाचच झाले होते.”

मामाचा घास हातातच राहिला. “अरे देवा! सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवतो मी हे!” पंगतीत पुन्हा हशा, पण या वेळी मामावर. बाबा वाढपी झाले होते, हातात जिलेबीचं ताट. त्यांनी मामाला दोन जिलब्या जास्त वाढल्या आणि पुढे गेले.

पाठवणीच्या वेळी मी रडले नाही. सकाळपासून इतकं रडून झालं होतं की शिल्लकच नव्हतं. सदानंदांच्या घरची माणसं गाडीत बसत होती, तेवढ्यात दादा माझ्याजवळ आला आणि मी त्याला बाजूला ओढलं.

“दादा, विमानतळावर काय झालं? खरं सांग.”

“काय होणार? बाहेर आलो तर बाबा कठड्याला धरून उभे. मी पाया पडलो आणि म्हटलं, तुम्ही बोलावलंत, वैजूनं लिहिलं, म्हणून आलो.”

“मग?”

“माझ्याकडे बघत राहिले बराच वेळ. मग म्हणाले, ‘हो. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून तिला लिहायला सांगितलं.’ आणि बॅग उचलली.”

मला ते वहीतलं मोत्यासारखं अक्षर आठवलं. जन्मात एकदा खोटं बोलले ते, आणि तेही माझ्यासाठी. का दादासाठी? आजही मला नक्की सांगता येत नाही.

“आणि गाडीत? गाडीत बोलले का काही?”

“गाडीत मी त्यांना ते घड्याळाचं सांगितलं. अडीच तासांचा फरक, प्रवास साडेपाच तासांचा, जाताना तेवढाच आणि येतानाही तेवढाच. ते म्हणाले, ‘येतानाही साडेपाच? मी तीन धरून बसलो होतो.’ मग खिडकीबाहेर बघत गप्प बसले. पनवेल गेलं तरी गप्प. मला वाटलं, काहीतरी बिनसलं.”

“मग?”

दादानं माझ्या डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. बाबा लांब गाडीच्या टपावर माझी पेटी बांधून घेत होते, दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

“खारपाड्याच्या पुलावर आलो तेव्हा म्हणाले, ‘एवढा लांबचा पल्ला आहे होय. मग पुढच्या वेळी जरा लवकर निघत जा.’”